उजवीकडून उघडणारी वही

मन्मथप्पा बिराजदार पाण्यात उतरण्यापूर्वी चष्मा काढून काठावरच्या माणसाच्या हाती देत. धोतर वर खोचत, गळ्यातले लिंग उपरण्यात बांधून ते डोक्याला गुंडाळत, आणि छातीभर पाण्यात जाऊन उभे राहत. नजर समोरच्या पाळीवर, दोन्ही हात पाण्याखाली. थोडा वेळ काहीच होत नसे. मग ते एकेका वनस्पतीचे नाव उच्चारू लागत आणि काठावरच्या माणसाने ते कागदावर उतरवायचे. पाण्याखाली काय आहे ते त्यांना दिसत नसे. चष्म्याविना त्यांना काठावरचा माणूसही दिसत नसे. सारे काम बोटांचे होते.

चार वर्षे तो काठावरचा माणूस मी होतो.

ते आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते. विभाग म्हणजे ते आणि मी. गाव तालुक्याचे, नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात गावाचा दोष नव्हता. पूर्वी गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. गावाच्या पूर्वेला एक जुने तळे होते. मातीची पाळ, दगडी सांडवा, एका अंगाला महादेवाच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला म्हशींची उतरण. गावाच्या लेखी ते म्हशींचे आणि धुण्याचे पाणी होते. ते तसे नाही, एवढे एकच म्हणणे बिराजदार सर आयुष्यभर मांडत राहिले.

मी औरंगाबादहून एम. एस्सी. होऊन आलो होतो. पुस्तकातली नावे मुखोद्गत होती आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी मला पाळीवर नेले आणि एक ओली हिरवी काडी हातावर ठेवली.

"हे काय?"

मी पाहिले. पानांची वर्तुळे, मध्ये बारीक दांडा. "हायड्रिला."

"डोळ्यांनी नको. डोळे मिटा. चिमटीत धरून ओढा."

मी ओढली. बोटांना बारीक वाळूसारखे काही लागले.

"हायड्रिला मांजराच्या जिभेसारखी लागते. हे दाणेदार का लागलं?"

"चुना असेल, सर."

"असेल की आहे?"

"आहे."

"आता वास घ्या."

लसणीच्या जवळ जाणारा, जरा कुबट वास होता. तेव्हा मला उमगले. "कारा," मी म्हणालो.

"हे झाड आहे का?"

"नाही सर. शैवाल आहे."

"म्हणजे तुम्ही शैवालाला झाड केलंत. तेही नोकरीच्या पहिल्या दिवशी." त्यांनी काडी पाण्यात सोडली. "नाव नंतर, जाधव. आधी तफसील."

तफसील, म्हणजे आपला तपशील, हा त्यांचा आवडता शब्द. ते नायगावकडचे, नांदेड जिल्ह्यातले. शिक्षण निजामाच्या राज्यात, हैदराबादेत, उर्दू माध्यमातून झालेले. वनस्पतिशास्त्रही ते उर्दूतच शिकले होते. वर्गात ते स्वच्छ मराठी बोलत, इंग्रजी नावे अचूक उच्चारत, पण स्वतःसाठी लिहायचे ते उर्दूतच. पाळीवर मी उतरवलेला कागद ते घरी नेत आणि लाल कापडी बांधणीच्या एका जाड वहीत स्वतःच्या हाताने पुन्हा लिहीत. ती वही उजवीकडून उघडे. मला ती वाचता येत नसे. आमची पिढी मराठी शाळेतली. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याचे मी ऐकले नाही. काम मनासारखे झाले तर "बराबर" एवढेच म्हणत. नमुने कागदावर घेण्याचे काम शिकायला मला एक हिवाळा लागला. पाण्यातली वनस्पती बाहेर काढली की ओल्या सुतासारखी गोळा होते. तशीच दाबून वाळवली तर नुसता डाग उरतो. म्हणून ती परातीतल्या पाण्यात तरंगत ठेवायची, खालून जाड कागद सरकवायचा, काडीने एकेक पान सोडवायचे आणि कागद तिरपा धरून पाणी हळूहळू निथळू द्यायचे. मग वर जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर दगड. वर्तमानपत्र रोज बदलायचे. एकदा मी सुटीवर गेलो आणि दोन दिवस ते बदलले गेले नाही. परतलो तेव्हा सर स्वतः बुरशी पुसत बसले होते. संध्याकाळपर्यंत पुसत राहिले. त्यानंतर मी त्या कामाच्या दिवसांत सुटी घेतली नाही.

तळ्यावर त्यांचा बरोबरीचा माणूस एकच होता: मारोती भोई. मासे धरणारा, शिंगाडे काढणारा, निरक्षर. सर त्याच्याशी वाद घालत आणि बहुधा हरत. काराला मारोती 'वासाचं शेवाळ' म्हणे आणि ते जिथे असेल तिथले पाणी पिऊन दाखवी.

"हे हाय तवर पानी नितळ," तो मला सांगे. "हे गेलं अन् केंदाळ आलं की समजायचं, वर कुनीतरी घान सोडून राहिलं."

"हे पुस्तकात चार पानं घेऊन लिहिलंय," सर म्हणत.

"मंग पुस्तकवाल्याला म्हनावं, लई बोलतो तू."

सर त्यावर हसत. त्यांना हसवणारा मला माहीत असलेला तो एकमेव माणूस.

बहात्तरच्या दुष्काळाची हकीकत मला मारोतीने आणि सरांच्या पत्नीने मिळून सांगितली. गाव त्यांना काकू म्हणे, मीही म्हणू लागलो. त्या वर्षी तळे पार आटले. भेगा अशा पडल्या की वासरू त्यांत पाय अडकून पडले. गावाला दोन दिवसांआड टँकर येई. तशात एके सकाळी सर पाटी घेऊन कोरड्या तळ्यात गेले, तीन ठिकाणचा गाळ खणून आणला, ओसरीवर तीन कुंड्यांत भरला आणि त्याला पाणी घालू लागले.

"लोकं बघायला यायची," मारोती म्हणाला. "मास्तर चिखलाला पानी पाजून राहिला म्हनून. मीबी आलो. मला वाटलं डोस्कं फिरलं."

"मलाही तेच वाटलं," काकू म्हणाल्या. "लिंगाला अभिषेक पळीभर, अन् चिखलाला तांब्याभर. माहेरी निरोप धाडायच्या बेतात होते मी."

पाणी कुठले, हे मी विचारले. काकूंनी मोरीकडे बोट केले. सर घंगाळात उभे राहून एका तांब्यात अंग धूत. ते पाणी घंगाळात जमे, तेच कुंड्यांना. साबणाने गाळातले बी मरेल म्हणून त्या वर्षभर त्यांनी साबणाला हात लावला नाही. वर्गातल्या मुलांनी नाकाला रुमाल लावला तरी नाही.

सातव्या आठवड्यात एका कुंडीत काराचे बोटभर हिरवे टोक आले. दुसरीत हायड्रिला. तिसरीत मार्सिलिया, चार पाकळ्यांसारखी पाने असणारी, जिचे घट्ट, दाण्यासारखे बीजाणुकोश कोरड्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. सरांनी मारोतीला बोलावून कुंड्या दाखवल्या. मारोती उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला.

"म्हन्जे ते मेलं न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"मंग आपुन कशाला रडून राहिलो?"

पुढच्या पावसाळ्यात तळे भरले. दिवाळी सरून गढूळपणा खाली बसला तेव्हा सर पहिल्यांदा छातीभर पाण्यात उभे राहिले. सगळ्या तळ्यात त्यांना तीनच वनस्पती सापडल्या, त्याच तीन. लाल वहीतला पहिला रकाना त्या दिवसाचा. त्यानंतर दर वर्षी दिवाळी सरली की तीच आठ ठिकाणे, तीच बोटे, एक नवा रकाना. तळे कसे परत येते, कोण आधी येतो, कोण कुणासाठी जागा करतो, याचा तो हिशेब होता. असा हिशेब आमच्या भागात दुसऱ्या कुणी ठेवल्याचे मला ठाऊक नाही.

मला त्यांच्याबरोबरची एक सकाळ विशेष आठवते. त्यांनी मला सांडव्याजवळ पाण्यात बोलावले. व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी पाने खाली डोलत होती आणि तिची मादी-फुले, मळसूत्रासारख्या देठांवर, पाण्याच्या पृष्ठभागाला नेमकी टेकलेली होती. तळाशी नर-फुले सुटत होती. रव्याच्या कणासारखी ती वर येत, पृष्ठावर उघडत आणि वाऱ्याने सरकत जात. एखादे मादी-फुलाभोवती पाण्याला पडलेल्या खळगीत घसरे. बाकीची पुढे निघून जात.

मी काही बोलू लागलो.

"बघा," ते म्हणाले. "आणि गप्प राहा."

तास गेला असेल. हुडहुडी भरली होती. काठाला आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "आता हा देठ आखडेल आणि फळाला खाली ओढून नेईल. गावाला वाटतं, पाण्यात काही घडत नाही." इतका लांब अभिप्राय त्यांनी क्वचितच दिला असेल.

मी रुजू झालो त्यानंतर दुसऱ्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. गावात फटाके वाजले. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालये. तालुक्यालाही इमारती हव्या होत्या, आणि गावालगत सरकारी जागा म्हणाल तर तळेच. जागा निवडण्यासाठी एक समिती नेमली गेली. समितीचे साहेब सरळ माणूस होते, हे इथे नमूद केले पाहिजे. कुणीतरी त्यांच्या कानावर घातले होते की तळे मरत चालले आहे, दुष्काळापासून त्यात दम राहिलेला नाही. त्यांनी महाविद्यालयाला लेखी विचारले: तळे जिवंत आहे की नाही, याविषयी काही नोंद आहे काय? असल्यास सोमवारपर्यंत सादर करावी. नोंदीवरून निर्णय घेऊ.

नोंद तर होतीच. दहा वर्षांची होती.

सर तेव्हा नांदेडला होते. त्या वर्षीची पाहणी आटोपून ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गेले होते आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. त्यांनी निरोप पाठवला: वही काकूंकडून घ्या, तक्ता टंकलिखित करा, घेऊन या, मी सही करतो. वही प्रथमच माझ्या हाती आली. चार पाने भरून तक्ता. वनस्पतींची नावे रोमन अक्षरांत, ती मला वाचता येत होती. पुढे दहा रकाने, प्रत्येकात आठ ठिकाणांच्या बारीक खुणा. रकान्यांच्या डोक्यावर उर्दूत काही लिहिलेले.

उर्दू उजवीकडून लिहितात, एवढे मला ठाऊक होते. नावांचा रकाना उजव्या टोकाला होता. आपल्या पद्धतीप्रमाणे मी तो डावीकडे आणला. खुणांचे रकाने मात्र जसे दिसत होते तसेच, डावीकडून एकेक उतरवले आणि त्यांच्या डोक्यावर वर्षे क्रमाने घातली, पहिले, दुसरे, थेट दहाव्यापर्यंत. आमच्या गल्लीतच उर्दू शाळेचे एक मौलवी राहत. त्यांना रकान्यांची डोकी वाचायला सांगणे हे दोन मिनिटांचे काम होते. मी गेलो नाही. सरांनी विश्वासाने दिलेले काम आपल्याला दुसऱ्याकडून करवून घ्यावे लागते, हे मला कुणाला दाखवायचे नव्हते.

चार दिवसांपूर्वी मी त्याच पाळीवर उभा राहून एकोणीस नावे लिहून घेतली होती. माझ्या तक्त्यात त्या वर्षापुढे तीन होती. ते माझ्या लक्षात आले नाही. मी खुणा उतरवत होतो, तळे पाहत नव्हतो.

नांदेडला सर बहिणीच्या घरी खाटेवर बसले होते. तक्त्यासोबत समितीला द्यायचे पत्र मी वाचून दाखवले. त्यांनी एक शब्द बदलला.

"तक्ता वाचा."

"सर, चार पानं आहेत. आणि तीनची गाडी आहे. वहीत आहे तसाच उतरवलाय."

"तसाच?"

"तसाच."

मला वाटले, पुन्हा वाचायला सांगतील. मग त्यांनी हात पुढे केला. "सही कुठं करायची तिथं बोट टेकवा माझं."

मी टेकवले. सही ओळीखाली घसरली, पण त्यांचीच होती.

पुढच्या आठवड्यात समिती तळ्यावर आली. सरांची पट्टी निघाली होती. काळा चष्मा लावून, माझा दंड धरून ते पाळीवर उभे होते. मारोती एका बाजूला. साहेबांच्या लिपिकाने तक्त्याखाली बेरजा करून आणल्या होत्या. त्याने वाचले: पहिल्या वर्षी वनस्पती एकोणीस, दुसऱ्या वर्षी सतरा, आणि असे उतरत उतरत दहाव्या वर्षी तीन.

माझा दंड धरलेल्या बोटांची पकड सैल झाली. एवढेच मला कळले.

"सर, हा तक्ता आपल्याच वहीतला?" साहेबांनी आदराने विचारले.

"माझ्याच."

"मग आपणच सांगताय की तळं मरत चाललंय."

"तक्ता उलटा उतरलाय," सर म्हणाले. "तीन पहिल्या वर्षाचे. एकोणीस यंदाचे."

"साहेब, मी रोज पान्यात जातो," मारोती मध्येच बोलला. "मरून राहिलं असतं तर मला आधी ठावं झालं असतं न्हवं?"

लिपिक हसला. "मारोती, तुझी जाळी इथं लागतात. तू तर हेच बोलणार."

"हाव. अन् तुमची कचेरी इथं लागनार. तुमी ते बोलनार."

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागदावरची सही पुन्हा पाहिली. "सर, तुमचं बोलणं मी खोटं म्हणत नाही. पण हा कागद वर गेलेला आहे. सोमवारी सहीनिशी एक सांगायचं आणि गुरुवारी पाळीवर उभं राहून त्याच्या उलट. वरच्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? लेखी दुरुस्ती द्या. मी पाठवतो."

साहेबांचे चूक म्हणता येत नव्हते. माझे नाव एकदाही निघाले नाही. कागदावर माझी सही नव्हतीच.

परतताना वाटेत मी म्हणालो, "सर, चूक माझी आहे."

"चूक कुणाची ते नंतर. आधी तफसील. काय केलं तुम्ही?"

मी सांगितले. नावांचा रकाना कसा फिरवला, खुणांचे रकाने कसे ठेवले. ते चालत ऐकत होते.

"म्हणजे अर्धी वही फिरवली. अर्धी फिरवायची राहिली."

"हो."

"बराबर," ते म्हणाले.

तो शब्द मी तोवर मोजक्या वेळा मिळवला होता. त्या दिवशी तो असा मिळाला.

लेखी दुरुस्ती गेली, दोनदा गेली. पोच आली, उत्तर आले नाही. उन्हाळ्यात मुरुमाचे ट्रक येऊ लागले. म्हशींच्या उतरणीपासून महादेवाच्या पायऱ्यांपर्यंत तळे बुजले. सांडव्याकडचा अर्धा भाग राहिला. मारोती कुटुंबासह गोदावरीकाठी निघून गेला. जाताना सरांच्या पाया पडला. सरांनी त्याला उठवून मिठी मारली. माझ्याशी मारोती बोलला नाही. त्याला कुणी सांगितले, मला माहीत नाही. सरांनी सांगितले नसणार.

मी धरून चाललो होतो की ते मला आता पाळीवर नेणार नाहीत. दिवाळी झाली. त्यांनी नेहमीप्रमाणे निरोप पाठवला, मी नेहमीप्रमाणे गेलो. आठ ठिकाणांपैकी तीन उरली होती. काम लवकर आटोपले. चष्मा लावताना ते म्हणाले, "शनिवारी दुपारी घरी या. कोरी वही आणि बोरू आणा."

अशा रीतीने, नोकरीत कायम झालेला मी, त्यांच्या ओसरीवर अलिफ-बे गिरवू लागलो. काकूंना त्याची मोठी गंमत वाटे. "माझ्या लेकाला शिकवली नाही अन् जाधवांना शिकवतात," त्या चहा ठेवताना म्हणत. सर शिकवताना तक्त्याचा विषय काढत नसत. अक्षर चुकले की माझे बोट धरून ते पुन्हा त्या वळणावरून नेत. ही शिक्षा होती की क्षमा, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. आजही ठरवलेले नाही.

वर्षभराने त्यांनी लाल वही माझ्यापुढे ठेवली. मी ती अडखळत वाचली. म्हशी किती आल्या, पाणी कुठवर नितळ होते, काराची फळे कधी पिकली, मारोतीने कोणता मुद्दा मांडला आणि तो खरा कसा ठरला. मी रुजू झालो त्या दिवसाची नोंद होती: 'नवीन माणूस आला. घाई करतो. टिकला तर चांगला.' तक्ता ज्या दिवशी पाळीवर वाचला गेला त्या दिवसाचीही होती. पाण्याची पातळी, वारा, हजर असलेल्यांची संख्या. दुसरे काही नाही.

ते निवृत्त होऊन गावी गेले. त्यांचे गाव नायगावहून उमरीच्या वाटेवर, फाट्यापासून आत. मी जाऊ म्हणत राहिलो. परीक्षा, बदली, बहिणीचे लग्न. काकू गेल्याचे कळले तेव्हाही मी पत्रच लिहिले. सहा वर्षांनी गेलो.

ते ओट्यावर बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखले. दृष्टी जवळजवळ गेली होती. घर पुतण्याचे, मागे एक लहानसे गावतळे. इतर काही विचारण्यापूर्वी त्यांनी आत जाऊन चाचपडत लाल वही आणली.

"दिवाळीनंतर या तळ्याची पाहणी केली. लिहायला कुणी नाही. पुतण्याला नावं जमत नाहीत. डोक्यात धरून ठेवलंय सगळं." त्यांनी वही माझ्या हाती दिली. "दोन महिने झाले. आता काही सुटून राहिलंय. लिहून घ्या."

मी वही उजवीकडून उघडली, कोरे पान काढले. ते सांगू लागले: पाच ठिकाणे, अकरा वनस्पती, प्रत्येकीची तफसील. मी उर्दूत लिहीत होतो. चार ओळी झाल्या असतील.

"कुठून लिहिताय?"

"उजवीकडून, सर. उर्दूत."

"अक्षर जमतं अजून?"

"जमतं."

त्यांनी हात पुढे करून पानावर ठेवला, शाई वाळली नव्हती, ती बोटांना लागली. "आता मराठीत लिहा."

"वही सगळी उर्दूत आहे, सर. आणि मला येतं ना."

"तुम्हाला येतं. तुमच्या मागून येणाऱ्याला येणार नाही. तोही घाईतच असेल." ते साधेपणाने बोलत होते. "त्याला अडचण नको. वही पालथी करा आणि डावीकडून सुरू करा."

मी वही पालथी केली. शेवटचे पान पहिले झाले. त्यावर मी मराठीत अकरा नावे लिहिली, रकान्याच्या डोक्यावर वर्ष घातले, आणि सगळे मोठ्याने वाचून दाखवले. या वेळी एकही ओळ सोडली नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी वही माझ्याच मांडीवर सरकवली आणि पुतण्याला भाकरी टाकायला सांगा म्हणाले.

दुपारी ते मला सोडायला फाट्यापर्यंत आले. नको म्हटले तरी आले. काठी टेकत, माझा दंड न धरता. फाट्यावर एकाच वेळी दोन गाड्या आल्या, एक उमरीकडे जाणारी, एक नायगावकडे. मी नायगावच्या गाडीत चढलो, खिडकीशी बसलो आणि हाक मारली. पण दोन्ही इंजिने चालू होती. त्यांना ऐकू आले नाही. उमरीची गाडी आधी हलली. ते तिच्याकडे वळले, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात उंच केला. गाडी दृष्टिआड होईपर्यंत त्यांनी तो तसाच धरला.

त्यांच्या मागून माझी गाडी सुटली. त्यांची माझ्याकडे पाठ होती. मी वाहकाला थांबवायला सांगू शकलो असतो. सांगितले नाही.